निर्लेखन

वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. दाखल अंक, तारीख, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, पाने, किंमत हे रकाने पुस्तक येते त्याच दिवशी भरतात. शेऱ्याचा रिकामा राहतो. पुस्तक जाते तेव्हा तिथे एक शब्द पडतो: जीर्ण, गहाळ किंवा बाद. मग अशा पुस्तकांची यादी होते, ठराव होतो, निर्लेखन होते.

हसनाबादेत राहून मी ई-रीडरवर वाचू लागलो त्याला काही वर्षे झाली. पुस्तकासाठी जालन्याला, नाहीतर थेट औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, खेप घालायची हे संपले. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. पण ते आल्यापासून वाचनाभोवतीच्या बऱ्याच वस्तू घरातून निघून गेल्या आणि त्यांचा ठराव कोणी केला नाही. तो इथे. कागदाच्या वासाची नोंद यात नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि आमच्याकडच्या जुन्या पुस्तकांना बहुतकरून उंदरांचा वास यायचा.

तारखेची चिठ्ठी

शेवटच्या कोऱ्या पानावर, वरच्या कडेला डिंक लावून चिकटवलेली. तारखा रबरी शिक्क्याने, नाहीतर निळ्या शाईने. वाचनालयात पुस्तक हातात घेतले की मी आधी शेवट उघडायचो तो गोष्टीचा शेवट कळावा म्हणून नव्हे, चिठ्ठी बघावी म्हणून. तारखा दाटीवाटीने असल्या तर पुस्तक चालते. एक तारीख १९८९ ची आणि तिच्याखाली एकदम २००३ ची असली, तर मधली चौदा वर्षे त्या पुस्तकाला कोणी हात लावलेला नाही. असे पुस्तक मी मुद्दाम घरी न्यायचो. बहुतेक वेळा लोकांचेच बरोबर निघायचे.

काही वाचनालयांत तारखेशेजारी सभासद क्रमांकही लिहीत. लहान गावात सभासद क्रमांक म्हणजे माणूसच. एका क्रमांकानंतर पुस्तक घेतले की पानांच्या शिवणीत तंबाखूचा चुरा सापडे, दुसऱ्या एकानंतर चहाचे गोल डाग. कोण कुठवर वाचून थांबला तेही डागांवरून कळे.

ई-रीडरवर याच्या जागी ओळीखाली एक फिकट तुटक रेघ येते आणि इतक्या वाचकांनी ही ओळ अधोरेखित केली असा आकडा. कोण, कुठले, काही नाही. मराठी पुस्तकांत तर ती रेघही क्वचित.

खाकी कव्हर

शाळेच्या पुस्तकांना खाकी, बाकीच्यांना वर्तमानपत्राचे. पुस्तक जपण्यापेक्षा आत काय आहे ते वडीलधाऱ्यांपासून लपवायला त्याचा जास्त उपयोग. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या निम्म्या तरी महाराष्ट्राने भूमितीच्या कव्हरात वाचल्या असतील. ई-रीडर हे कायमचेच खाकी कव्हर. ओट्यावर बसून मी काय वाचतो ते गल्लीला कळत नाही. यंत्राच्या कंपनीला मात्र कळते: कोणते पुस्तक, कुठे सोडले, किती वाजता.

एसटीचे तिकीट

खूण म्हणून. कंडक्टरच्या पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे असत, आणि चिमट्याने टकटक करत तो तिकिटाला भोक पाडी. जालन्याला घेतलेले पुस्तक गाडीतच सुरू व्हायचे आणि उतरायच्या वेळी तिकीट त्या पानात राहायचे. वर्षांनी पुस्तक उघडले की भाडे बघून तोंडात बोट जाई. पुढे कंडक्टरच्या हातात यंत्र आले. त्या कागदावरची छपाई उन्हाने, उष्णतेने उडते. पुस्तकात ठेवलेल्या तिकिटाची काही महिन्यांत कोरी पट्टी होते. आता तीही नको, ई-रीडर सोडला तिथेच उघडतो.

शेरा: बाद.

शिक्का

जांभळ्या शाईचा, थोडा तिरका. मुखपानावर एक, शेवटी एक, आणि आत ठरावीक पानावर एक, म्हणजे चोराने पहिले पान फाडले तरी पुस्तक ओळखू यावे. तो पानाचा आकडा वाचनालयाचे गुपित असायचे आणि सगळ्या सभासदांना ठाऊक असायचे.

शिक्का पुरता मात्र गेला नाही. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पात स्कॅन झालेली जुनी मराठी पुस्तके आता इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. त्यांतली कितीतरी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची आहेत. संग्रहालय १८९३ चे. ठाण्याला मी कधी सभासद नव्हतो, पण पान उघडले की त्यांचा शिक्का समोर येतो आणि खाली ‘स्थळप्रत’ अशी अक्षरे. स्थळप्रत म्हणजे तिथेच बसून वाचायची, बाहेर न्यायची नाही. ती मी बाजाराच्या दिवशी, बैल विकायला आलेल्या माणसांच्या गलक्यात, ओट्यावर बसून वाचतो. कागदावरचे किड्याचे भोक स्कॅनमध्ये काळा ठिपका होऊन आले आहे. पुढच्या पानावर तो किंचित लहान, त्याच्या पुढच्यावर आणखी लहान. किडा कोणत्या बाजूने शिरला हेही त्यावरून सांगता येते. ही पुस्तके पीडीएफ असल्याने सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढे दिसते. यंत्र आडवे धरायचे आणि अर्धे अर्धे पान वाचायचे. मान अवघडते, पण जी पुस्तके जालन्यातही बघायला मिळाली नसती ती अशी वाचून झाली.

ल आणि श

शाळेत पाटीवर गिरवलेले. पुष्कळ ई-पुस्तकांत ते हिंदी वळणाने उमटतात. मराठी वळण २००९ च्या शासन निर्णयाने पक्के केलेले आहे. फाँटवाल्यांपर्यंत निर्णय पोचायचा आहे.

नाव घालायची जागा

पुस्तक घरात आले की पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात नाव, गाव, तारीख. भांड्यावर घालतात तसेच. ‘मु. पो. हसनाबाद, ता. भोकरदन, जि. औरंगाबाद’ असे लिहिलेली पुस्तके अजून हाती लागतात. जालना जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्यामुळे तारीख पुसट झाली असली तरी जिल्ह्यावरून पुस्तकाचे वय निघते. बक्षिसाच्या पुस्तकात लाल शाईत इयत्ता आणि क्रमांक, लग्नातल्या पुस्तकात ‘सप्रेम भेट’. लग्नात पुस्तक देणारा बहुधा मास्तर असे आणि बाकीचे पाहुणे त्याला चिक्कू समजत.

नाव घालायची हौस या तालुक्याला जुनीच आहे. भोकरदन म्हणजे सातवाहनांच्या काळातले भोगवर्धन. तिथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिले आणि दगडावर आपले नाव आणि गावाचे नाव कोरून घेतले. दोन हजार वर्षे झाली, वाचता येते. माझ्या ई-रीडरच्या माथ्यावरही माझे नाव आहे. सेटिंगमध्ये जाऊन कोणालाही ते अर्ध्या मिनिटात बदलता येईल. आतल्या पुस्तकांवर तर नाव घालायला कोपराच नाही.

आगाऊ वाचक

रहस्यकथेच्या पहिल्या पानावर पेनने खुन्याचे नाव लिहून ठेवणारा. प्रेमकथेत समासात ‘साफ खोटे’ लिहिणारा. एका कादंबरीत कोणीतरी पानोपानी लेखकाचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले होते आणि वेगळ्या शाईत दुसऱ्या कोणीतरी त्या सुधारणाऱ्याचे.

शेरा: गहाळ. शोध घेऊ नये.

वेखंड, कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या

कसरीसाठी. पुस्तके गेली तशी कसरही गेली. वाळवी आहेच, ती आता चौकटी खाते.

मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका

विकत घेतलेले ई-पुस्तक पहिल्यांदा उघडले की बहुधा सरळ पहिल्या प्रकरणावर उघडते. मुखपृष्ठ, आवृत्त्यांच्या तारखा, लेखकाची इतर पुस्तके, अर्पणपत्रिका हे सगळे मागे राहते. मुद्दाम उलटे गेले तरच दिसते. मी जातो. पुस्तक कोणाला अर्पण केले आहे ते वाचल्याशिवाय गोष्ट सुरू करणे मला चपला न काढता घरात शिरण्यासारखे वाटते.

मुखपृष्ठ दिसले तरी राखाडी, काळ्यापांढऱ्याच्या सोळा छटांत. दीनानाथ दलालांचे चित्र असलेला दिवाळी अंक आमच्याकडे वाचण्याआधी नुसता बघायला म्हणून घरोघर फिरायचा. वाचता न येणाऱ्या बायकाही तो मागून घ्यायच्या आणि चित्रातल्या बाईच्या नथीबद्दल, लुगड्याच्या काठाबद्दल बोलायच्या. राखाडी नथीबद्दल कोण काय बोलणार? रंगीत ई-रीडर निघाले आहेत, २०२४ मध्ये अॅमेझॉनच्या किंडलचाही आला. किंमत ऐकून मी राखाडीवर समाधान मानले.

उजव्या हातातली जाडी

खुनी सापडला आणि उजव्या हातात अजून बोटभर पाने असली, तर तो खुनी नव्हे. एवढे रहस्यकथा वाचणाऱ्या कोणत्याही पोराला कळायचे. आता तळाशी टक्के दिसतात. त्यांचा भरवसा नाही, कारण पुष्कळदा शेवटी त्याच लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकाचे प्रकरण जोडलेले असते आणि गोष्ट नव्वद टक्क्यांवरच खाडकन संपते.

‘बाहेर नेण्यास मनाई’

कोशांच्या कपाटावरची पाटी. मोल्सवर्थचा कोश, १८३१ चा, १८५७ मध्ये वाढवलेला. दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश. एका शब्दासाठी तालुका ओलांडावा लागे. आता दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही खुले आहेत. ही पाटी गेली ते चांगले झाले.

पोथीचे पान

आईची नजर अधू झाली तशी मी तिला ई-रीडरवर अक्षर मोठे करून दिले. सगळ्यांत मोठे केले की ओळीत तीनचारच शब्द मावतात, पण लागतात. तिने त्यावर ‘श्यामची आई’ पुन्हा वाचले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून ते पुस्तक २०११ पासून सर्वांना मोकळे आहे. तिने पैसे किती पडले विचारले. काहीच नाही म्हटल्यावर तिला ते जरा कमी प्रतीचे वाटले असावे.

मग श्रावणाच्या तोंडावर मी हौसेने ‘नवनाथ भक्तिसार’ चढवून ठेवले. ते काही तिने उघडले नाही.

“याला हळदकुंकू कुठं वाहू?”

तिची पोथी जाड टाइपाची, लाल रुमालात बांधलेली. पहिल्या पानावर वर्षानुवर्षे कुंकवाचे बोट लागून तिथल्या दोन ओळी दिसेनाशा झाल्या आहेत. पाठ असल्याने तिचे अडत नाही. शिवाय पोथी ऐकायला गल्लीतल्या बाया येतात.

“त्यांच्या पुढ्यात हे धरलं त म्हणतील, म्हातारी मोबाईल खेळू राह्यली.”

यावर मला काही बोलता आले नाही. पोथीचे निर्लेखन नामंजूर.

कंदील

शेतात न्यायचा तो साप-विंचवासाठी. त्याच्या उजेडात वाचता येई हा वरकड फायदा. काच पुसायचे काम घरातल्या लहानाकडे, कारण हात लहान.

शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गव्हाला पाणी द्यायला जावेच लागते. वाफा भरेपर्यंत माणसाला काम नसते. भरला की बारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचे. मधला वेळ मोकळा. बॅटरीच्या उजेडात वाचावे तर किडे तोंडावर येतात, मोबाईलवर वाचावे तर डोळे चुरचुरतात. ई-रीडरचा दिवा अगदी खाली आणून ठेवला की पान तेवढे दिसते आणि पलीकडे वाफ्यात चढणारे पाणीही दिसते. दिवसाची पाळी असली तर दिवाही नको. उन्हात मोबाईल काळा पडतो, हा उजळतो.

याचे कारण त्याच्या पडद्यात आहे. आत केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात, प्रत्येकीत काळे आणि पांढरे कण, एकांवर धन भार, दुसऱ्यांवर ऋण. विजेने पाहिजे ते कण वर ओढले जातात आणि मग तिथेच बसून राहतात. अक्षर टिकवायला वीज लागत नाही, पान उलटायला लागते. म्हणून एकदा चार्ज केला की आठवडे जातात. भारनियमनात गावात बारा-बारा तास लाइट नसायची तेव्हा हे यंत्र आमच्या हातात पाहिजे होते. तेव्हा ते अमेरिकेत होते. पहिले किंडल १९ नोव्हेंबर २००७ ला विक्रीला आले आणि साडेपाच तासांत संपले. मराठी पुस्तके त्याच्या दुकानात रीतसर लागली ती २०१६ च्या डिसेंबरात.

एका रात्री शेजारच्या वावरातून आवाज आला.

“भाऊ, त्या डबीत काय बघू राह्यले?”

“पुस्तक.”

“चार्ज कव्हा करता मंग?”

“पंधरा दिवसांनी.”

“आपली मोटार अशी पाह्यजे होती.”

एवढे मात्र खरे की चांगली कादंबरी गव्हाला वाईट.

रद्दीचा भाव

ई-पुस्तकाला येत नाही. शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर अर्धी कविता भेटायची, तेही त्याबरोबर गेले.

यंत्राच्या नोंदी

यंत्राच्या स्वतःच्या वस्तूही एकेक करून बाद होत आहेत. किंडलचा बटणांचा कळफलक २०१० च्या मॉडेलबरोबर संपला. पान उलटायची बटणे शेवटी एकाच महागड्या मॉडेलला उरली होती, तेही २०२४ मध्ये बंद झाले. ही बटणे कामाची होती. चिखलाचे बोट काचेला लावावे लागत नसे.

विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून घ्यायची आणि तारेने यंत्रात टाकायची सोय होती. अॅमेझॉनने ती २६ फेब्रुवारी २०२५ ला काढून घेतली. म्हणजे पैसे मोजलेल्या पुस्तकाची जास्तीची प्रत आपल्या कपाटात ठेवता येत होती ती आता सहसा येत नाही. तसेही ते पुस्तक आपले होते असे नाही. आपण घेतो तो वाचायचा परवाना. जुलै २००९ मध्ये विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असे ध्यानात आल्यावर जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसली गेली. पैसे परत मिळाले, कंपनीच्या मालकाने माफीही मागितली. पाळत ठेवणाऱ्या राज्याची ती कादंबरी. पुसायला दुसरे पुस्तक मिळाले नसते का?

घरी आलेली पोरे यंत्र हातात घेतात, उलटे करतात, खाली ठेवतात.

“कॅमेरा कुठंय?”

“नाही.”

“गेम बी नाही?”

“नाही.”

“मंग चालू कशाला करायचं?”

यांच्या दाखल नोंदवहीत हे यंत्र चढायच्या आधीच बाद आहे.

उसनवारी

या मुलखात पुस्तके लोकांना वाचायला द्यावीत याचा कायदा महाराष्ट्राच्या आधीचा. हैदराबाद राज्याने तो १९५५ मध्ये केला तेव्हा मराठवाडा त्या राज्यात होता. महाराष्ट्राचा अधिनियम १९६७ चा. कायद्याच्या बाहेरची देवघेव त्याहून मोठी होती. पुस्तक एकाने घ्यायचे, वाचायचे दहांनी. मागायला येणारा थेट मागत नसे. आधी पाऊसपाणी, मग कपाशीचा भाव, मग कपाटाकडे नजर, आणि उठता उठता “हे काय नवीन दिसतंय?” दोन दिवसांच्या बोलीने नेलेले पुस्तक दोन दिवसांत आले तर नेणाऱ्याने वाचले नाही असे समजावे. काही पुस्तके परत येताना बरोबर वाटीभर शेवया किंवा दोन मोसंब्या घेऊन यायची. काहींचे कव्हर बदललेले असे, काहींच्या शेवटच्या पानावर दुधाचा हिशोब.

किंडलच्या आपल्याकडच्या दुकानातून घेतलेले पुस्तक दुसऱ्याच्या खात्यावर उसने देता येत नाही. मागणाऱ्याला हे समजावून सांगणे अवघड. पैसे मी दिले, पुस्तक माझ्या हातात आहे, आणि तरी ते देणे माझ्या हातात नाही, हे ऐकून समोरचा माझ्याकडे बघतो त्या नजरेत यंत्राचा दोष नसतो, माझाच असतो.

एकाकडे माझे ‘बारोमास’ आहे. सदानंद देशमुखांची कादंबरी, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लेखकाची, हिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून नवी प्रत आणली होती. नेली ती नेलीच. भेटला की तो स्वतःच विषय काढतो. “तुझं पुस्तक हाय बरं का माझ्याकडं. माळ्यावर हाय. सापडलं की देतो.” अशा पुस्तकाला नोंदवहीत काय लिहावे? गहाळ म्हणावे तर कुठे आहे ते माहीत आहे.

मागच्या पोळ्याला तो घरी आला. पाऊसपाणी झाले, कपाशी झाली. मग त्याची नजर कपाटाकडे न जाता कोनाड्यात ठेवलेल्या ई-रीडरकडे गेली. त्यात किती पुस्तके मावतात, विचारले. हजारावर, मी सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला.

“मंग दोन दिवस ते मशीनच दे ना.”

“आधी ‘बारोमास’ आण.”

“ते माळ्यावर हाय,” तो म्हणाला. “शिडी तुझ्याकडंच हाय ना माझी?”